पाठीतलं पाणी

बाई,

तुमच्या शोकसभेला मी मागच्या रांगेत बसलो होतो. कुणी तुमच्या हाताच्या गुणाबद्दल बोललं, कुणी तुमच्या साधेपणाबद्दल. एका गृहस्थांनी सांगितलं की डॉक्टरबाई कधी कुणावर रागावल्या नाहीत. तेव्हा मात्र मी मान खाली घातली, कारण हसू आवरेना. मग व्यासपीठावरून विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. शेजारी बसलेला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमची कशी ओळख?" मी म्हटलं, डोळ्यांसाठी यायचो. तो म्हणाला, त्या डोळ्यांच्या डॉक्टर नव्हत्या. मी उठून चप्पल शोधायला लागलो.

तर ते दोन शब्द आता. मी बारावी झालेला तांडेल आहे, बोटीचं सुकाणू धरणारा, मला लिहायची भीती वाटत नाही, बोलायची वाटते. तुम्ही जाऊन अजून महिनाही झालेला नाही आणि इतक्यात तुमच्याच वॉर्डात असं काही घडलं की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही. माझ्या बोटीचं इंजिन बघणारा ड्रायव्हर महादेव तिथं पडला होता. त्याच्या पाठीतलं पाणी काढू द्यायचं की त्याला उचलून घरी न्यायचं, एवढाच प्रश्न होता. घरी नेला असता तर तो गेला असता. हे तिथं बसलेल्यांपैकी मला एकट्याला पक्कं माहीत होतं, आणि का माहीत होतं ते मी कुणाला सांगू शकत नव्हतो.

महादेवबद्दल तुम्हाला एकदा सांगितलं होतं, नाव न घेता. एचआयव्हीच्या गोळ्या आपल्या जिल्ह्यातही मिळतात, पण तिथं ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मी श्रीवर्धनहून एस्टी धरून पार दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावर जायचो. एकदा रांगेत उभा होतो आणि पुढं एक-दोन माणसं सोडून महादेव. त्यानं वळून पाहिलं. मी भिंतीवरचा कागद वाचायला लागलो, तो स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला. परतीची एस्टी एकच होती. तो पुढं बसला, मी मागं. दुसऱ्या दिवशी बोटीवर त्यानं मला विचारलं, बर्फ किती भरायचा. त्यानंतर आम्ही इतकी वर्षं एका बोटीवर, एका ताटात जेवलो, पण त्या रांगेबद्दल एक अक्षर बोललो नाही. हे ऐकून तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात आणि मग एकदम चिडलात. म्हणालात, एकमेकांना गोळीची आठवण तरी करून द्यायची होती, शहाण्यांनो.

ते बरोबरच होतं. पण बाई, तुम्ही बोटीवर राहिला नाहीत. एवढीशी केबिन, सगळ्यांच्या पिशव्या खिळ्याला टांगलेल्या, एकाची तंबाखू ती सगळ्यांची, एकाची तापाची गोळी ती सगळ्यांची. रोज ठरल्या वेळी डबी उघडणारा माणूस तिथं लपत नाही. म्हणून मी डबी घरी ठेवून जायचो. समुद्रावर आठवडा काढायचा, घरी दोन-चार दिवस, की परत समुद्र. घरी असलो की गोळ्या घ्यायच्या. म्हणजे औषध चालू आहे असं स्वतःला सांगता येईल, तेवढ्या घ्यायच्या.

मग डोकं दुखायला लागलं. डिझेलच्या धुरानं दुखतंय म्हटलं, उन्हानं दुखतंय म्हटलं. आमच्यात तांडेल आजारी पडत नाही. तांडेल मागे फिरला की फेरी बुडाली, आणि फेरी बुडाली की सगळ्यांचा वाटा बुडाला, त्यामुळे कुणी विचारलंच तर तो म्हणतो, काय न्हाय, झोप झाली न्हाय. मीही तेच म्हणत होतो. उलट्या व्हायच्या, त्या मी समुद्राकडे तोंड करून काढायचो.

खाडीच्या तोंडाशी आमच्याकडे पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. आत शिरायचं तर देवळाचा कळस आणि मागच्या टेकडीवरचा एकटा ताड हे दोन्ही एका रेषेत धरावे लागतात. त्या दिवशी भर दुपारी मला दोन कळस दिसले आणि दोन ताड. मी डोळे चोळले. कळस दोनच. माणसं मागं जाळी आवरत होती, कुणाला काही कळलं नव्हतं, आणि खाली दांडा जवळ येत होता. मी एक डोळा मिटला. तेव्हा एक कळस नाहीसा झाला. जो उरला तो खरा धरून मी सुकाणू वळवलं आणि बोट आत घेतली. महादेव इंजिनावरून ओरडला की इतकं डावीकडं कशाला ओढतोस. जेटीला लागल्यावर माणसं मासळी उतरवायला लागली, मी सुकाणू धरूनच बसून राहिलो.

चष्मा केला, उपयोग झाला नाही. मलेरियाचं औषध झालं. बायकोनं, हिरानं, दृष्ट काढली आणि शेवटी ओढत तुमच्याकडे आणलं. तुम्ही मला बसवलंत आणि माझ्या तोंडाकडे बघतच राहिलात. म्हणालात, "तांडेल, तुम्ही माझ्याशी मान वाकडी करून का बोलता?" मला वाटत होतं मी सरळ बसलोय. दोन बाई दिसू नयेत म्हणून मान आपोआप वळत होती.

तुम्ही विचारलंत, कुठलं औषध रोजचं चालू आहे का. मी म्हटलं, नाही. हिरा जमिनीकडे बघत होती. तुम्ही तिला बाहेर पाठवलंत आणि परत विचारलंत. मी परत नाही म्हटलं, आणि वर आवाज चढवला. डोक्याचा फोटो काढून आणायला सांगितलात तो आणला, स्कॅन क्लिअर आला. मी तो तुमच्या टेबलावर टाकला की बघा, डोक्यात काही नाही, मला डोळ्यांचे थेंब द्या आणि सोडा. तुम्ही स्कॅन बघितलात. मग खुर्ची माझ्या बाजूला ओढून, आवाज खाली आणून जे बोललात ते मला जसंच्या तसं आठवतं.

"हे बघ. अंगातली रोगाशी लढणारी राखण झोपली असेल तर डोक्यात तीन चोर शिरू शकतात. एक टीबी. दुसऱ्याच्या गाठी होतात, त्या बहुतेक स्कॅनमध्ये दिसतात, तुझ्यात नाहीत. तिसरी बुरशी, तिचं स्कॅनमध्ये पुष्कळदा काहीच दिसत नाही. तिघंही डोकं दुखवतात आणि तिघांचं औषध वेगळं. मी चुकीच्या चोरामागे धावले तर तेवढ्या वेळात तू जाशील. पाठीतलं पाणी काढल्याशिवाय मला कळणार नाही कोण आहे. आणि राखण झोपली आहे की नाही ते फक्त तू सांगू शकतोस."

तोवर अहो-जाहो चाललं होतं, इथं अरे-तुरे सुरू झालं. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही फक्त माझ्या तोंडून येण्याची वाट बघत होतात. मी टेबलावरचा स्कॅन परत पाकिटात घातला. मग सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात, एवढंच, आणि नर्सला हाक मारलीत.

पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो, हे आमच्या बंदरावर लहान पोरालाही ठाऊक आहे. मी तुम्हाला तसं म्हटलं तर तुम्ही म्हणालात, पांगळे होतात ते उशिरा येणारे, आणि नाव सुईवर येतं. मला कुशीवर झोपवलंत, गुडघे पोटाशी घ्यायला लावलंत. "कोळंबी असते तसा वाक. तुला शिकवायला नको." सुई आत गेली तेव्हा मी पायाचा अंगठा हलवून बघितला, हलला. मग तुम्ही काचेची बारीक नळी उभी लावलीत, त्यात डोक्यातून पाठीत उतरणारं माझं पाणी चढायला लागलं. मला दिसत नव्हतं, पण खोलीत सगळे बोलायचे थांबले ते कळलं. नर्स हळूच म्हणाली, बाई, वरून सांडतंय. नळीच्या टोकापर्यंत दाब चढून पाणी बाहेर पडत होतं. तुम्ही ते हळूहळू काढत राहिलात. आणि कित्येक आठवडे डोक्यावर ठेवलेला नांगर जणू कुणीतरी उचलायला घेतला. मी रडलो त्या टेबलावर. तुम्ही म्हणालात, रड, पण हलू नकोस.

ती बुरशी निघाली. मी जरा उठून बसायला लागल्यावर तुम्ही मला प्रयोगशाळेत नेलंत. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या शाईत माझ्या पाण्याचा थेंब ठेवला होता. म्हणालात, एका डोळ्यानं बघायचं असतं, तुला सवय आहे. काळ्यात पांढरी गोल गोल वलयं होती, प्रत्येकाच्या मध्ये एक ठिपका. इतकं देखणं काहीतरी मला मारायला निघालं होतं, याचा मला राग आला. तुम्ही सांगितलंत की ती हवेतून सगळ्यांच्याच छातीत जाते, तुमच्याही जाते, पण तुमची राखण जागी आहे. मला ते ऐकून बरं वाटलं. पाप-बिप काही नाही, राखण जागी आणि राखण झोपलेली, इतकाच फरक.

पुढचे दिवस कसे काढले ते आपल्या दोघांनाच माहीत. डोकं चढलं की परत पाणी काढायचं. त्या औषधाची सलाईन लागली की अशी हुडहुडी भरायची की खाट वाजायची. आणि भांडण. आता मी शहाणा झालो होतो, एचआयव्हीच्या गोळ्या आजच सुरू करा म्हणून हटून बसलो होतो. तुम्ही डबी काढून घेतलीत. म्हणालात, आत्ता राखण एकदम जागी झाली तर मेंदूतच मारामारी होईल, आधी चोर कमी करू. काही आठवडे तुम्ही मला थांबवून ठेवलंत. मला वाटलं, ही बाई सूड उगवतेय माझ्या खोटेपणाचा. तसं मी तुमच्या तोंडावर म्हटलंही. तुम्ही इतक्या रागावलात की वॉर्डातल्या मावशी बाहेर गेल्या. कधीच न रागावणाऱ्या बाई.

बरा झालो. नारळ घेऊन तुमच्याकडे आलो आणि पालीला जाऊन बल्लाळेश्वराला नमस्कार करून येतो म्हटलं. तुमचं माहेर पालीचं. म्हणालात, जरूर जा, आणि देवाला सांग गोळ्या वेळेवर घेईन, मला सांगून काही उपयोग झालेला नाही. घेतल्या बाई. ताकदीच्या म्हणून माणसांना सांगितलं आणि बोटीवर घेतल्या.

आपलं खरं भांडण मात्र राहून गेलं. दर तपासणीला तुम्ही तोच विषय काढायचात. बंदरावर असे आणखी असतील, डोकं धरून बसलेले, स्कॅन क्लिअर घेऊन घरी पडलेले. तू एकदा त्यांच्यासमोर उभा राहा. डॉक्टरचं ऐकत नाहीत, तांडेलाचं ऐकतील. मी म्हणायचो, माझ्या बोटीवर कोण चढेल मग? माझ्या पोरीला कोण मागणी घालेल? तुम्हाला काय जातंय बोलायला. शेवटच्या वेळी मी जरा जास्तच बोललो. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "गप्प राहायचा तुला पूर्ण हक्क आहे. माझ्या तोंडून कधी बाहेर पडणार नाही. पण विचारायचा हक्क मला आहे, पुढच्या खेपेला परत विचारीन." पुढच्या खेपेच्या आधीच तुम्ही चहाचा कप हातात घेऊन बसल्या जागी गेलात.

आणि गणपतीत महादेव आरतीला उभा राहिला नाही. टाळांचा आवाज सहन होत नाही म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं नजर चुकवली. उत्तरपूजेच्या दिवशी त्याला उलट्या झाल्या. गौरीचं तिखट खाल्लं म्हणून, असं घरचे म्हणाले. मग तो अडखळत बोलायला लागला, मग बायकोला ओळखेना. त्याला तुमच्या इस्पितळात आणला तेव्हा तो गुंगीत होता.

तुमच्या जागी आलेला डॉक्टर तरुण आहे, पण चांगला आहे. महादेवची बायको सुमन हिनं त्याला बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं. ती हिरापेक्षा धीट निघाली. रक्त तपासायच्या पट्टीवर बुरशी लगेच दिसली. आता पट्ट्या मिळतात, तुम्ही त्यासाठी किती कागद रंगवले होते. डॉक्टर म्हणाला, मेंदूत गेलीय का ते बघायला आणि डोक्यातला दाब उतरवायला पाठीतलं पाणी आत्ताच काढायला हवं. सुमननं दिराकडे पाहिलं. महादेवचा मोठा भाऊ गणपत तिथं उभा होता, आणि तो नाही म्हणाला.

बोटीवरची आमची माणसं बाकावर बसली होती. गणपतनं मला जिन्यापाशी नेलं. म्हणाला, स्कॅन क्लिअर आलाय, तेच सगळ्यांना सांगायचं. डोक्यात काही नाही, ताप आहे, घरी नेतो. मी म्हटलं, घरी नेलास तर मरेल. तेव्हा त्यानं माझा हात धरला. त्याचा हात गार पडला होता.

"त्याला तो रोग हाय," तो म्हणाला. "तुला म्हनून सांगतो, कुनाला बोलू नको. घरी गेला तर तापानं गेला म्हनतील. हितं ऱ्हायला तर नाव निघंल. माझ्या दोन पोरी उजवायच्या हायत. आनि पानी काढून काय हुनार? तो रोग डोक्यात गेल्यावर कधी कोन उठलाय?"

मला त्याचा राग आला नाही, बाई. तो दुष्ट नाही. माझंच बोलणं तो बोलत होता.

मी त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं की मी उठलोय. मला तोच रोग आहे, हीच बुरशी झाली होती, ह्याच वॉर्डात. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"मला धीर द्यायला बोलतोस. खरं असतं तर असं कानात बोलला असतास? खरं हाय तर ह्यांच्यासमोर बोल."

आणि तो वळून माणसांना म्हणाला, उचला रे त्याला, गाडी खाली लागलीय. माणसं उठली. दोघांनी खाटेच्या बाजूला जाऊन चादरीची टोकं हातात घेतली. महादेवचा एक डोळा अर्धा उघडा होता आणि आत वळलेला. तसा डोळा मी आरशात बघितलाय.

मी म्हटलं, थांबा. ते थांबले, कारण बोटीवर माझं ऐकायची सवय. गणपत म्हणाला, ही तुझी बोट न्हाय.

मी खाटेचा कठडा धरला. दांड्याजवळ सुकाणू धरलं होतं तसा.

"मला एचआयव्ही हाय," मी म्हटलं. "लय वर्सं झाली. माझं बी डोकं असंच धरलं हुतं, स्कॅन असाच क्लिअर हुता. बाईंनी माझ्या पाठीतनं पानी काढलं, एकदा न्हाय, लय येळा. मी पांगळा झालो न्हाय. तुम्ही माझ्या बोटीवर जेवता, मी तुमचा तांडेल हाय. खाली ठेवा त्याला."

महादेवचं नाव मी त्या रोगाशी जोडलं नाही. तेवढं तुमच्याकडून शिकलोय. ते त्याचं आहे.

चादर धरलेल्यांपैकी एकानं टोक सोडलं आणि हात पँटला पुसला. ते मला दिसलं, आणि लागलं. दुसऱ्यानं महादेवचं डोकं हळूच उशीवर सरळ केलं. गणपत माझ्याकडे असा बघत होता, जसा मला पहिल्यांदाच बघतोय. मग तो बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सुमन त्याची वाट बघत थांबली नाही. तिनं डॉक्टरच्या हातातून कागद घेतला आणि सही केली.

मी दाराबाहेर उभा राहिलो. आत डॉक्टर महादेवला वाकवत होता, तो गुंगीत पाय झाडत होता, सुमननं त्याचे गुडघे धरून ठेवले होते. मग आतले सगळे गप्प झाले. त्या गप्पपणाचा अर्थ मला ठाऊक होता. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आला, त्याच्या कपाळावर घाम होता. म्हणाला, दाब फार होता, आणखी थांबलो असतो तर मला काही करता आलं नसतं. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो. तुमची इतकी आठवण आली की मला वाटलं आता तुम्ही आतून याल आणि म्हणाल, रड, पण वाटेत बसू नकोस.

महादेव अजून धोक्याबाहेर नाही. हुडहुडीची सलाईन चालू आहे, पाणी परत काढावं लागतंय. पण काल त्यानं सुमनला नावानं हाक मारली.

घरी येऊन मी हिराला सांगितलं की मी बोललो. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. पोरीचं कसं होणार, एवढंच म्हणाली. ते मला माहीत नाही. तुम्ही म्हणत होतात तितकं सोपं नाही हे, बाई, आणि या एका बाबतीत मी अजून तुमच्याशी भांडायला तयार आहे. किराणाच्या दुकानात मी गेलो की बोलणं थांबतं. माझ्या चुलत भावानं दोन दिवस फोन उचलला नाही. पण संध्याकाळी पलीकडच्या वाडीतली एक बाई हिराकडे आली, पदर तोंडाशी धरून, आणि विचारून गेली की ते डॉक्टर कुठल्या वारी बसतात.

आज सकाळी बोट सुटायची होती. मी लवकर जाऊन बर्फ भरून घेतला आणि सुकाणूपाशी उभा राहिलो, जेटीकडे पाठ करून, कारण बघवत नव्हतं. मागं फळीवर पावलं वाजली. थोड्या वेळानं आणखी वाजली. दोघं आले नाहीत. बाकीचे आले. मला हे तुम्हाला सांगायचं होतं, आणि सांगायला तुम्ही हव्या होतात.